पानाखालची राखण



उन्हाळा तापू लागला, पाण्याची पाळी चार दिवस पुढे गेली आणि वारा कोरडा सुटला, की उसात कोळी दिसू लागतो. फडात चार सऱ्या आत शिरावे आणि मधले एखादे पान उलटून बघावे. मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना ओळीने पांढुरके, लांबट ठिपके दिसतात. नखाने खरवडले तर ठिपका निघत नाही, त्याचा पापुद्रा सुटतो. तो पापुद्रा म्हणजे विणलेले जाळे, आणि त्या जाळ्याखाली नांदते ती उसावरची जाळी करणारी कोळी कीड. शास्त्रज्ञ तिला स्किझोटेट्रॅनिकस अँड्रोपोगोनी म्हणतात. नाव लांबलचक आहे, पण त्यातला पहिला शब्द लक्षात ठेवावा, पुढे उपयोगी पडणार आहे. दुसरी एक तांबडी कोळी असते, ऑलिगोनिकस इंडिकस, ती ज्वारीवरही येते आणि पाने तांबूस करून टाकते. आपण दोघींनाही 'कोळी पडला' एवढेच म्हणतो आणि पंपाला हात घालतो.

पंप बाहेर काढण्याआधी त्या पापुद्र्याखाली काय चालते ते समजून घेतले तर बरे, म्हणून हा लेख. तिथे एक आई अंडी राखत बसलेली असू शकते, आणि तिच्या राखणीचा आपल्या औषधाच्या खर्चाशी संबंध आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. कोळी म्हटले की घराच्या आढ्याला कोळिष्टके करणारा मोठा प्राणी डोळ्यासमोर येतो. पिकावरचा कोळी तो नव्हे, पण त्याचा दूरचा भाऊबंद खरा. दोघांनाही आठ पाय, दोघांनाही पंख नाहीत. गोचीड आणि विंचू हेही याच गोतावळ्यातले. म्हणजे पिकावरचा कोळी हा काटेकोर अर्थाने कीटक नाही. कीटकाला सहा पाय असतात. अंड्यातून नुकते निघालेले कोळ्याचे पिल्लू मात्र सहा पायांवरच असते, पहिली कात टाकल्यावर त्याला आठ होतात. पूर्ण वाढलेली मादी अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. नुसत्या डोळ्याला ती हलणाऱ्या धुळीच्या कणासारखी दिसते, दिसली तर.

या गोतावळ्यात आईपणाची उदाहरणे आपल्याला ठाऊक आहेत. विंचवाची मादी पिल्ले पाठीवर घेऊन फिरते, ते लहानपणी दगड उलटवून सगळ्यांनीच पाहिले आहे. पण धुळीच्या कणाएवढा कोळी अंड्यांपाशी थांबतो, त्यांच्यासाठी भांडतो, हे ऐकायला खोटे वाटते. बहुतेक जातींच्या बाबतीत ते खोटेच आहे. वांगी, भेंडी, गुलाब, काकडी यांवर येणारा दोन ठिपक्यांचा कोळी घ्या. त्याची मादी शंभराच्या घरात अंडी घालते आणि पुढे चालू लागते. अंड्यांचे काय होईल ते होवो. ऊबदार हवेत आठ-दहा दिवसांत पुढची पिढी तयार. तिचा भरवसा राखणीवर नाही, संख्येवर आहे. थोडे जाळे ती करते, पण पहाऱ्याला कोणी नसते.

आणि म्हणूनच या कोळ्याला त्याचा शत्रू पुरून उरतो. १९५८ साली चिलीहून जर्मनीत गेलेल्या ऑर्किडच्या रोपांवर एक तांबूस, चपळ शिकारी कोळी सापडला. फायटोसिउलस पर्सिमिलिस त्याचे नाव. त्याची मादी दिवसाला दोन ठिपक्यांच्या कोळ्याची वीसेक अंडी फस्त करते. पुढे युरोपात काचघरातल्या काकडी-टोमॅटोवर हा शिकारी सोडण्याची पद्धतच पडली. हॉलंडमध्ये तर काकडीच्या एका बागाईतदाराने १९६७ साली असले मित्रजीव वाढवून विकण्याचा धंदा सुरू केला. राखणदार नसलेल्या शेतात चोराला काय अडचण? फक्त इथे चोर आपल्या बाजूचा.

सगळेच पिकाचे कोळी असे बेफिकीर असते, तर शिकारी कोळी आणून सोडला की काम भागले असते. तसे होत नाही. जाळी करणाऱ्या कोळ्यांचा बारकाईने अभ्यास झाला तो जपानात, उसावर नव्हे तर बांबूवर. तिथे उत्तरेकडे होक्काइदो नावाचे थंड बेट आहे. तिथल्या जंगलात झाडांखाली 'सासा' नावाचा कमरेएवढा बुटका बांबू गच्च माजलेला असतो. हिवाळ्यात बर्फाखाली दबूनही तो हिरवा राहतो. त्याच्या पानांच्या पाठीवर आपल्या उसावरच्यासारखीच पांढरी जाळी दिसतात. साप्पोरो शहरातल्या होक्काइदो विद्यापीठाचे युताका साइतो यांनी वर्षानुवर्षे या जाळ्यांखाली डोकावून पाहिले. त्या काळी हा बांबूवरचा कोळी स्किझोटेट्रॅनिकस याच गोत्रात मोडत होता, म्हणजे आपल्या उसावरच्या कोळ्याच्याच. २००४ साली त्याच्या भाऊबंदांसह त्याला वेगळे काढून स्टिग्मिऑप्सिस असे गोत्र दिले गेले. या जातीचे आजचे नाव स्टिग्मिऑप्सिस लाँगस.

या कोळ्याचे घर बघण्यासारखे आहे. पानाचा जो भाग किंचित खोलगट, तिथे मादी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत धागे ताणते, पुन्हा उलट ताणते, आणि असे करत दाट छत विणते. आत शिरायला-निघायला टोकांशी वाटा. छताखाली ती अंडी घालते, तिथेच पानाचा रस शोषते, पिल्ले तिथेच वाढतात. कुटुंब वाढले की छत लांबवले जाते, आपल्याकडे पडवी काढतात तसे. एका छताखाली पुष्कळदा अनेक माद्या आणि नर एकत्र राहतात. जोडीने राहणाऱ्या माद्या कामात आणि अंडी घालण्यात सारखा वाटा उचलतात, असे पुढच्या अभ्यासात दिसले. (यातून सहकारावर भाषण करण्याचा मोह होतो, पण तो आवरतो. वार्षिक सभा जवळ आली की ती कसर भरून निघेलच.)

घरात स्वच्छताही आहे. विष्ठा कुठेही टाकायची नाही, ठरल्या जागी टाकायची. लाँगसची ही जागा दाराशी असते. सगळे घर तिथेच जाते, आणि तिथे काळपट ढीग साचतो. २०११ साली साइतो यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पानावर पडलेली धूळ-कचरा हे कोळी धाग्याला चिकटवून उचलतात, म्हणजे धागा हा छताचा वासाही आणि घरातला केरसुणीही. इतक्या लहान जिवाला स्वच्छतेची एवढी हौस कशाला, असे वाटेल. पण एकाच घरात पिढी-दोन पिढ्या दाटीने राहायचे तर घाण परवडत नाही.

आता या घरावर दरोडा कसा पडतो ते पाहू. बांबूवरच टिफ्लोड्रोमस बांबुसी नावाचा शिकारी कोळी राहतो. नावातच बांबू आहे. जाळी करणाऱ्या कोळ्यांवरच तो मुख्यतः जगतो. त्याची मोठी मादी दारातून आत शिरते, अंडी-पिल्ले खाते आणि स्वतःची अंडीही त्याच घरात घालते, म्हणजे तिची पिल्ले जन्मतःच भरल्या कोठारात. वरवर पाहता घरवाल्यांचा सर्वनाशच व्हायला हवा. चावरा कोण आणि चावला जाणारा कोण हे ठरलेले आहे, अशी आपली समजूत असते. मांजर उंदीर खाते, उंदीर मांजर खात नाही.

साइतो यांनी १९८६ साली जे छापले त्याने ही समजूत मोडली. शिकाऱ्याची लहान पिल्ले घरात दिसली की घरचा नर आणि मादी दोघेही त्यांच्यावर धावून जातात, आणि नुसते हाकलून देत नाहीत तर ठार मारतात. हत्यार एकच, तोंडातली सुईसारखी सोंड. एरवी जिने पानाचा रस शोषायचा तीच शत्रूच्या अंगात खुपसायची. नर जास्त भांडखोर. मादी छत विणते, अंडी घालते आणि वेळ आली की लढते. आई आणि बाप दोघे मिळून अंडी-पिल्ले राखतात, असा हा प्रकार कोळ्यांमध्ये तोवर कोणी एवढ्या पुराव्याने दाखवला नव्हता. भक्ष्याने भक्षकाला मारले, हाच त्या वर्षीच्या एका निबंधाचा मथळा होता.

त्यातली आपल्या कामाची गोष्ट अशी. राखण सगळ्या घरांत सारखी यशस्वी होत नाही. घरात राखणदार जास्त, तर अंडी-पिल्ले जास्त वाचतात. नवीन घर मांडून बसलेली एकटी मादी असेल तर शिकाऱ्याचे फावते. तीच वस्ती भरली, छताखाली चार-सहा मोठे कोळी झाले, की शिकाऱ्याची पिल्लेच तिथे जिवाला मुकतात. शिकाऱ्याची मोठी मादी बळकट असते, तिला घरवाले सहसा मारू शकत नाहीत. पण तिची पिढी त्या घरात वाढू दिली जात नाही. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर गोफण घेऊन एकटा पोरगा असला तर पाखरांचा थवा एका कोपऱ्यातून उठून दुसऱ्या कोपऱ्यात बसतो, आणि चार कोपऱ्यांना चौघे असले तर थव्याला टेकायला जागा मिळत नाही. तसेच हे.

याच गोत्रात उलट रीत असणाऱ्याही जाती आहेत. त्या एकच मोठे घर बांधत नाहीत. लहान लहान छते विणतात आणि अंडी विखरून ठेवतात. एक घर लुटले गेले तरी बाकीची वाचतात. त्यांची हत्यारी राखण त्या मानाने कमी. सगळे सोने एका गाडग्यात पुरून वर पहारा द्यायचा, की चार जागी चिमूट चिमूट ठेवायचे, हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांनाही पडला होता.

उसाच्या आणखी जवळ यायचे तर जपानातल्याच 'सुसुकी' गवताकडे वळावे लागते. कुसळी झुपक्यांचे, उंच, आपल्या ओढ्याकाठच्या कासासारखे दिसणारे हे गवत, मिस्कँथस. ऊस, कास आणि हे गवत यांचे नाते इतके जवळचे की उसाचा आणि मिस्कँथसचा संकर करता येतो. त्यावर राहणारा स्टिग्मिऑप्सिस मिस्कँथी हाही जाळ्याखाली घर करून राहतो आणि आई-बाप मिळून राखण करतो. पण त्याच्या नरांचा स्वभाव प्रदेशाप्रमाणे बदलतो. उबदार भागातले नर एकमेकांचा जीव घेतात, घराचा आणि घरातल्या माद्यांचा मालक एकच उरेपर्यंत. थंड भागातले नर बरेच सबुरीने घेतात. साइतो यांनी १९९५ साली हा फरक हिवाळ्याच्या थंडीशी जुळवून दाखवला. कारण असे दिले जाते: कडक थंडीत नर मरतात, माद्याच वसंत ऋतू पाहतात. या कोळ्यांत फळ न धरलेल्या अंड्यातून नरच निपजतो, तेव्हा एकट्या मादीची पहिली अंडी म्हणजे मुलगे, आणि पुढची वीण त्या मुलांपासूनच होते. अशा घरातले नर एकमेकांचे फारच जवळचे रक्त असतात, आणि रक्त जितके जवळचे तितके भांडण कमी. बांधावरून सख्ख्या भावांची डोकी फुटताना पाहिलेल्यांना हे पटायला जड जाईल. कोळ्यांत मात्र हिशेब असा लागतो.

राखण फक्त पिकाच्या शत्रूकडेच आहे असेही नाही. आपल्या बाजूचे शिकारी कोळीसुद्धा आई होतात आणि त्यांच्याही अंड्यांवर डोळा ठेवणारे असतात. ढोबळी मिरचीवरचे उदाहरण घ्या. तिथे इफिसियस डिजनरन्स हा शिकारी कोळी फुलकिड्यांची पिल्ले खातो, पण फुलकिडे उलटून त्याची अंडी खातात. मादी परागकण खायला फुलात जाते, जिथे फुलकिडे असतात. अंडी मात्र ती फुलात घालत नाही. खाली उतरून पानाच्या शिरांच्या बेचक्यात जो केसांचा झुबका असतो त्यात घालते. म्हणजे चरायची जागा एक आणि बाळंतपणाची दुसरी. ॲमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी २००१-०२ च्या सुमारास हे दाखवले. याच कोळ्याबाबत २०१२ साली आणखी एक गोष्ट बाहेर आली. लहानपणी ज्यांनी दुसऱ्या जातीच्या शिकारी कोळ्याचा त्रास सोसला, ते मोठे झाल्यावर त्या जातीच्या पिल्लांवर जास्त तुटून पडतात. लहानपणचा मार विसरत नाहीत, असेच म्हणायचे.

धान्याच्या कोठीत राहणारा चेलेटस इरुडिटस हा शिकारी कोळीही राखणदारच. पिठात-धान्यात पडणारे कोळी खाणे हा त्याचा धंदा. त्याची मादी अंड्यांच्या पुंजक्यावर बसून राहते आणि जवळ येईल त्याच्यावर झडप घालते. चेकोस्लोव्हाकियात कोठारांतली कीड आवरण्यासाठी हा कोळी मुद्दाम वाढवून वापरला गेला.

आता पुन्हा उसाकडे. वर सांगितलेले पुरावे बांबूवरच्या आणि सुसुकीवरच्या कोळ्याचे आहेत. आपल्या उसावरची कोळी त्यांच्या जवळच्या नात्यातली, घरही त्याच पद्धतीचे करणारी. एवढ्यावरून ती प्रत्येक बाबतीत तशीच वागते असे धरून चालू नये. पण फवारणीच्या बाबतीत ज्या दोन गोष्टींचा विचार व्हावा, त्या जाळी करणाऱ्या कुठल्याही कोळ्याला लागू आहेत.

पहिली, औषध कुठे पडते ती. कोळी पानाच्या पाठीवर, त्यातही छताखाली. आपला फवारा वरून पडतो, आता ड्रोनने तर आणखी वरून. उभ्या उसात पानाच्या पाठीवर औषध पोचवणे किती अवघड आहे ते पाठीवर पंप घेऊन फडात शिरलेल्याला सांगायला नको. छताखालच्या अंड्यांना त्याचा फारसा धक्का लागत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ते औषध उघड्यावर हिंडणाऱ्यांवर मात्र पुरेपूर पडते, आणि उघड्यावर हिंडणारे कोण? शिकारी कोळी, मोठे कोळी, मोहरीएवढा काळा ढालकिडा जो पिकावरचे कोळी खातो. शिकारी एका घरातून दुसऱ्या घरात जायला पानावरून चालतच जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका-युरोपातल्या सफरचंदाच्या बागांत डीडीटीचा मारा सुरू झाला, तेव्हा नेमके हेच झाले. ज्या कोळ्याची पूर्वी कोणी दखल घेत नव्हते तो शत्रू मेल्यामुळे बागाच्या बागा तांबूस करू लागला. कोळी किडीचा प्रश्न मोठा झाला तो औषध आल्यावर, आधी नव्हे.

याला राखणीची गोष्ट जोडून पाहा. सुरुवातीला, घरे नवीन असताना, एकेकट्या माद्या असतात. शिकाऱ्याचे बळ चालते ते याच दिवसांत. आपण खोडकिडीसाठी किंवा आणखी कशासाठी लवकर, सरसकट, तीव्र औषध मारले आणि त्या दिवसांत शिकारी मेले, तर कोळ्याला घर भरायला उसंत मिळते. महिन्याभराने शिकारी बांधावरच्या गवतातून परत येतात तेव्हा घरोघर राखणदार सज्ज असतात. मग शिकारी असूनही कोळी हटत नाही, आणि आपण म्हणतो, मित्रकीटक वगैरे पुस्तकातल्या गोष्टी. माझ्या मते बहुतेक फडांत मित्रजीव नालायक नसतो, त्याला उशिरा यायला आपणच लावलेले असते.

म्हणून पांढरे ठिपके दिसल्या दिवशी पंप काढू नये. पाण्याची पाळी चुकली असेल तर आधी ती द्यावी. कोरड्या, ताणावर असलेल्या उसात कोळी जोर करतो आणि वळवाचा चांगला झोडपा बसला की पुष्कळसा धुऊन जातो. बांधावरचे सगळे गवत एकदम पेटवू नये, पाचट जाळू नये. शिकाऱ्यांची वस्ती तिथेच असते. औषध मारायचेच ठरले तर ते खास कोळ्यासाठीचे असावे, सगळ्यांना मारणारे नसावे, आणि जिथे कोळी आहे त्याच पट्ट्यात मारावे.

आणि बघायचे कसे? दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. सकाळच्या उजेडात पान उलटे करून सूर्याकडे तिरपे धरावे. सुईच्या टोकाने छताचा एक काठ हलकेच उचलावा. आत पिवळसर-हिरवट, मंद चालणारे ते पिकाचे कोळी. गोल, पारदर्शक मोत्यासारखी ती अंडी. थेंबासारखा तुकतुकीत, लांब पायांचा आणि भरभर पळणारा दिसला तर तो शिकारी. त्याची अंडी लांबट असतात, कोळ्याची गोल. एका पानावरची दहा घरे उघडून पाहावीत आणि किती घरांत एकटी मादी, किती घरांत गर्दी, किती घरांत शिकारी, हे कागदावर लिहून ठेवावे. आठ दिवसांनी पुन्हा तेवढेच करावे. ज्यांना ओळख पटत नसेल त्यांनी फडाच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून एकेक पान घेऊन गट कार्यालयात यावे. पाने ओल्या फडक्यात बांधू नयेत, वाटेतच कुजतात. कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळावीत आणि त्याच दिवशी आणावीत.